पणजोबांची कबर नाही, फेरफार आहे

पुतण्या अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याच्या शेजाऱ्याने एक दिवस रजा टाकली, काउंटीच्या कचेरीत जाऊन जुन्या मृत्युपत्रांच्या वह्या पाहिल्या, दुपारी चर्चमागच्या दफनभूमीत दगडांवरची नावं टिपली आणि संध्याकाळपर्यंत पाच पिढ्या कागदावर मांडल्या. पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, आपलं असं काही निघेल का?"

मी आधी नाही म्हणालो. आपण माणूस जाळतो, तिसऱ्या दिवशी राख सावडतो, अस्थी नदीत सोडतो. दगड लावायची रीत बहुतेक घरांत नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दगड नसला तरी ओळ असते. जमीन असलेल्या घरातला माणूस गेला की आज ना उद्या तलाठ्याच्या वहीत एक नोंद, म्हणजे फेरफार, पडतेच: अमुक मयत, वारस अमुक आणि तमुक. आपली दफनभूमी तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे, लाल कापडाच्या गाठोड्यांत बांधलेली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, म्हणून पुढचं सगळं पश्चिम महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मराठवाडा, विदर्भ आणि गोव्यात कागदांची नावं बदलतात, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी घर झाडा

कचेरीत जाण्याआधी माळा. जुन्या लग्नपत्रिका, पोस्टाची पासबुकं, कर्जाच्या पावत्या, गिरणीचा किंवा रेल्वेचा सेवेचा दाखला, फोटोंच्या पाठी. आणि भांडी. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. आजीच्या माहेरचं गाव घरात कुणाला सांगता येत नव्हतं. ते मला एका कळशीच्या गळ्यावर सापडलं. मोडीत काढायच्या आधी प्रत्येक भांडं उलटंसुलटं करून पाहा.

मग म्हातारी माणसं. "आपली वंशावळ सांगा" असं विचारलं तर ती गप्प बसतात. "पितरांना पान कधी घालायचे?" असं विचारा, लगेच बोलायला लागतात. महालयाचं श्राद्ध माणूस गेला त्या तिथीला करतात, म्हणजे पितृपक्षातली तिथी ही मृत्यूची तिथी. वर्षश्राद्धाचा महिना आठवला की मास कळला. एखाद्याचं पान चतुर्दशीला घालत असतील तर तो शस्त्राने किंवा अपघाताने गेला असावा. बाईचं नवमीला असेल तर ती सवाष्ण गेली, म्हणजे तिचा नवरा तिच्यामागे हयात होता. सर्वपित्रीला घालतात याचा अर्थ बहुतेक वेळा तिथीच विसरली गेली आहे. आणि ज्या घरात श्राद्धाला भटजी येतात तिथे बाप, आजा, पणजा अशी तीन नावं दरवर्षी मोठ्याने घेतली जातात. तीन पिढ्या तिथेच फुकट मिळाल्या.

साल मात्र कुणालाच आठवत नसतं. "मानमोडीच्या साली", "प्लेगात", "कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी" अशी उत्तरं येतात. ती तशीच लिहून घ्या. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा, मुंबई-पुण्याकडचा प्लेग १८९६-९७पासून पुढे, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. उत्तरात वाटतो त्यापेक्षा नेमकेपणा असतो.

देव्हारा राहून जाऊ नये. चांदीच्या टाकांत खंडोबा आणि भवानी तर असतेच, पण पुष्कळ घरांत एखादा टाक पूर्वजाचा, ‘वीरा’चाही असतो. तो कुणाचा, हे घरातल्या सर्वांत वयस्कर सुनेला विचारा. पूजा तिनेच केलेली असते.

शाळेचा दाखला, आणि १ जूनचा घोळ

दुसरा थांबा गावची प्राथमिक शाळा. तिथलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल-खारीजची वही, पुष्कळ गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जाते. नाव, बापाचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, शाळा का सोडली, एवढं एका ओळीत मिळतं. आधीची शाळा असा रकाना असेल तर तो न विसरता पाहा; कुटुंब कुठून आलं हे तिथे उघड होतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि परीक्षेचे दिवस टाळून जा.

जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. जुन्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. पोर शाळेत आणलं की गुरुजी अंदाजाने वय धरून जूनची पहिली तारीख लिहून टाकत. माझे वडील, दोन काका आणि एक आत्या, चौघांचाही वाढदिवस १ जून.

सातबारा हा दरवाजा, घर आत आहे

आता मुख्य काम. महाभूलेखच्या संकेतस्थळावरून गावच्या जमिनीचा सातबारा काढा. यात गाव नमुना ७ (हक्कांची नोंद) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंद) एकत्र असतात, म्हणून सातबारा. डिजिटल उताऱ्यावर आजच्या खातेदारांची नावं दिसतात, ती आपल्याला माहीतच असतात. आपल्याला हवा आहे तो ‘जुने फेरफार क्रमांक’ असं लिहिलेला छोटा चौकोन. त्या नीरस आकड्यांपैकी प्रत्येक आकडा म्हणजे एखादा मृत्यू, एखादी वाटणी, गहाण किंवा विक्री.

त्यानंतर हस्तलिखित सातबारा मागा. त्यात जुनी नावं खोडत नाहीत, कंसात टाकतात. तलाठ्याच्या भाषेत "नावाला कंस केला" म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. कंसातल्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. तो टिपायचा आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडायची. वारसांची वेगळी वही असते, ६-क. तीही मागायची.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती एकत्रीकरणाच्या खड्ड्यात. १९४७च्या कायद्याने तुकडेबंदी आणि विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण आलं, ते गावोगाव वेगवेगळ्या वर्षी लागू झालं, आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९४०चा कागद मागितला तर कारकून खरंच सांगतो की असा नंबर नाही. त्यासाठी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला मोजणी ऑफिस म्हणतात तिथे, एकत्रीकरणाचा उतारा काढायचा. कुठल्या सर्व्हे नंबरांचा कुठला गट झाला ते त्यात दिसतं. हा एक कागद हातात आला की पुढचा रस्ता मोकळा होतो.

सर्व्हे नंबर मिळाल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचे कागद हे: जुने सातबारे, फेरफार, त्याआधीचं क-ड-ई पत्रक आणि हक्कनोंदणीचे कागद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ साली ती पद्धत पक्की झाली. म्हणून फेरफाराची मालिका साधारण तिथवरच मागे जाते. त्याआधी सर्व्हे खात्याचे कागद, कारण गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून १८३५च्या सुमाराला मोजणीची जी पद्धत सुरू केली, तिच्यामुळे प्रत्येक शेताला नंबर आणि प्रत्येक नंबराला सारा भरणाऱ्याचं नाव लागलं. शेतवार पत्रक नशिबाने सापडलं तर एकोणिसाव्या शतकातला खातेदार समोर येतो.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिथे १९५०च्या आधीचे कागद उर्दूत असतात, आणि लोक ‘खासरा पत्रक’ मागतात, ते १९५४च्या आसपासचं. नागपूरकडे १९५४-५५चं अधिकार अभिलेख पत्रक हा पहिला टप्पा. तिथल्या कारकुनापुढे क-ड-ईचं नाव काढलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील.

अर्ज साधा करा: गाव, तालुका, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, साधारण कालावधी, "नक्कल मिळावी", आणि वर कोर्ट फी तिकीट. "माझ्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी" असला अर्ज कधीच करू नका. तो कपाटाखाली जातो. आधी पाहणी मागा, नक्कल नंतर. चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, पण तो पहिल्या दिवशी काढलात तर रेकॉर्ड कीपर तुमचा मित्र होणार नाही. आणि या कामात त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. कोणत्या गावचं गाठोडं वाळवीने खाल्लं आणि कोणतं चुकून शेजारच्या गावच्या रॅकवर पडलं आहे, हे त्याच्याच डोक्यात असतं. जमाबंदीचे आणि निवडणुकीचे महिने सोडून जा.

‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागदही असतात. तालुका यादीत असला तर चकरा वाचतात.

नोंद वाचायची कशी

जुना वारस फेरफार साधारण असा असतो: "ज्ञानू वलद राणू हा मयत. वारस मुलगे १) तुका २) महादू अज्ञान, अ.पा.क. आई सखू भ्रतार ज्ञानू. तुका ए.कु.मॅ." तीन ओळींत तीन पिढ्या आणि एका घराची अवस्था.

‘वलद’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की बाईच्या नवऱ्याचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. महादू लहान आहे, त्याची पालक आई. म्हणजे ज्ञानू तरुणपणी गेला आणि सखूने पोरं वाढवली. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, थोडक्यात कर्ता. हे लिहिलेलं असेल तर बाकीच्या भावांची नावं सातबाऱ्यावर येतच नाहीत, आणि पुढे कुणीतरी समजतो की तुका एकुलता होता. फेरफार वाचल्याशिवाय सातबाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठी.

आणेवारी हा तर माझा आवडता भाग. हिस्से आणे-पैत लिहीत. पूर्ण जमीन सोळा आणे, बारा पैंचा आणा. तुमच्या पणजोबांच्या नावापुढे ४ आणे असतील तर वाटणीत चार भाऊ होते. ५ आणे ४ पै असतील तर तीन. २ आणे ८ पै दिसले तर तिघांतल्या एकाचा हिस्सा पुन्हा दोघांत फुटला आहे. ज्या भावाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं तो मला असाच सापडला. हिस्सा ५ आणे ४ पै, आणि घरच्या आठवणीत भाऊ फक्त दोन. तिसरा मुंबईला गिरणीत गेला होता आणि निपुत्रिक वारला, हे आठ फेरफार पुढे कळलं.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर लोक वर्षानुवर्षं नोंद लावत नाहीत. सोसायटीचं कर्ज काढायचं झालं किंवा भांडण लागलं की तलाठ्याकडे धावतात. आमच्या घरातली एक नोंद मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी लागली आहे.

बायका या कागदांत दिसतात, पण शोधाव्या लागतात. मुलीचं नाव वारस नोंदीत एकदा येतं आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्राने जातं. त्या हक्कसोडपत्रात तिचं सासरचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. भावाला जमीन सोडून देताना झालेली ही सही आत्या-पणजी आत्यांच्या सासरचा पत्ता ठरते. दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची नक्कल मिळते.

एक इशारा. एकाच गावात एकाच नावाचा आणि बापाचंही नाव तेच असलेला दुसरा माणूस असतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आपल्यात जुनी. मी चार महिने भलत्याच घराची वंशावळ रचत होतो. म्हणून कोणतंही नातं दोन वेगवेगळ्या कागदांत दिसल्याशिवाय शाईने लिहायचं नाही.

जमीन नव्हती त्यांचं काय

सातबारा नाही म्हणजे कागद नाही असं होत नाही. कुळ म्हणून कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असत. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याच्या कलम ३२-ग खालची, कुळाला जमीन विकत देण्याची प्रकरणं चालली, त्यांतल्या जबाबांत घराण्याची माहिती निघते. वतनदारांची तर सरकारदरबारी वंशावळच ठेवावी लागे, कारण वतनाचं काम करायची पाळी कुणाची यावरून तंटे होत. १८७४च्या वतन कायद्याखालचे हे कागद पाटील-कुलकर्ण्यांपुरते नाहीत. महार, रामोशी अशा गावकामगारांच्या वतनांचेही आहेत. ही कनिष्ठ गाववतनं १९५८च्या कायद्याने रद्द झाली, त्या वेळच्या रीग्रँटच्या, म्हणजे जमीन पुन्हा बहाल करण्याच्या, फायलींत हिस्सेदारांच्या लांबलचक याद्या मिळतात. ज्या समाजाला कुणी बखर लिहून ठेवली नाही, त्यांची नावं या फायलींत आहेत.

बलुतेदाराच्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही. शहरात मालमत्ता पत्रक.

कोतवाल बुक

जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांना गावाकडे कोतवाल बुक म्हणतात, सरकारी नाव गाव नमुना नंबर १४. मागताना ‘जुना’ हा शब्द वापरा, कारण आजच्या यादीत चौदा नंबरला पाणीपुरवठ्याच्या साधनांची वही आहे आणि तुमच्यापुढे विहिरींची यादी येईल. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. तिथपासूनचे दाखले ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत सरळ मिळतात. त्याआधीच्या वह्या बहुतेक तहसीलला असतात.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि याच वह्या राज्यभर उघडल्या गेल्या. पुष्कळ जिल्ह्यांनी स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर टाकल्या. आरक्षणाच्या वादात तुमचं मत काहीही असो, पूर्वज शोधणाऱ्याला या धावपळीने मोठा खजिना उघडून दिला. आपल्या जिल्ह्याचं संकेतस्थळ आधी पाहा.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. नुसता ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि बापाचं नाव. बारसं व्हायच्या आधी नोंद होई. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण: ताप, पटकी, देवी. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१८ची पानं उघडलीत तर ‘ताप’ हा शब्द खाली खाली उतरत जातो. आमच्या आळीतल्या एका घरातली तीन माणसं एका पानावर आहेत. तिथे मी वही मिटून बाहेर चहा प्यायला गेलो.

मोडीची भीती

साधारण १९५०च्या आधीचे कागद मोडीत असणार हे धरून चाला. लेखणी न उचलता लिहिलेली ही लिपी, ओळ आधी आखून घेतलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. पण सगळी मोडी शिकायची गरज नाही. आपलं आडनाव, गावाचं नाव, घरातली आठ-दहा नावं, आणि ‘मयत’, ‘वारस’, ‘वलद’ एवढे शब्द मोडीत लिहायला शिका. डोळा त्या आकृत्यांवर आपोआप अडकायला लागतो. बाकीच्यासाठी जाणकार वाचकाला पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही घेतं.

त्याहून जुन्या कागदांत सालाची गंमत आहे. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. फसलीत ५९०, जानेवारीनंतर ५९१. शुहूर सनात ५९९, जानेवारीनंतर ६००. शुहूर आणि फसली दोन्ही सनं मृगाच्या सुमाराला बदलतात, आणि शुहूर सन आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहीत. ‘सलास अशर मया तैन व अलफ’ म्हणजे तीन, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१३. त्यात ५९९ मिळवले की १८१२. म्हणजे पेशवाई संपायच्या सहा वर्षं आधीचा कागद.

घराण्याला इनाम, वतन किंवा सरंजाम असेल तरच पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. पेशवे दफ्तर तिथे आहे, कापडात बांधलेल्या रुमालांत. १८५२च्या इनाम कमिशनने कुणाची जमीन खरंच इनाम हे तपासायला लोकांकडून वंशावळी लिहून घेतल्या, त्या कागदांचा उपयोग फार. कोल्हापूर संस्थानच्या गावांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार. उगाच ‘बघू काय निघतं’ म्हणून गेलात तर आठवडा जाईल आणि काहीच निघणार नाही.

आडनावाचा आग्रहही इथे सोडावा लागतो. जुन्या कागदांत नाव, बापाचं नाव आणि हुद्दा एवढंच असतं. ‘-कर’ हे बहुतेक वेळा गाव सोडल्यावर लागतं, आणि जे गाव सोडलं त्याचं लागतं. एकाच घराची एक फांदी पाटील, दुसरी मूळ आडनावाने आणि तिसरी गावाच्या नावाने ओळखली जाते, असं हमखास सापडतं.

नाशकाची चोपडी

गोदावरीकाठी रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी उभे राहिलात की पहिला प्रश्न येतो: "गाव कोणतं, आडनाव काय?" हे विचारणारे तीर्थोपाध्याय गावं आणि घराणी वाटून घेतलेले असतात. तुमच्या गावचे उपाध्ये सापडले की त्यांच्या नामावळीत तुमच्या घरातलं कोण केव्हा आलं ते लिहिलेलं असतं: अस्थी घेऊन, सिंहस्थाला, कुणा विधीला. पुष्कळदा येणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, सहीसकट. पंढरपूर, काशी, प्रयाग आणि गयेलाही अशा वह्या आहेत.

जाताना आजचा पत्ता उपयोगाचा नाही, मूळगाव आणि जुना तालुका सांगा. एकाच नावावर थांबू नका, आपल्या गावचं पूर्ण पान वाचून दाखवा म्हणावं. चुलत घरांच्या नोंदींत आपल्या माणसांची नावं बरोबर आलेली असतात. बायका-मुलांचीही येतात, जी सातबाऱ्यात सहसा येत नाहीत. फोटोसाठी परवानगी विचारा. दक्षिणा मोकळ्या हाताने द्या, ही वही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरापाण्यातून सांभाळली आहे.

कोल्हापूर, सांगली आणि बेळगावकडे हेळवी येतात. दारोदार जाऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणं हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. दारात आले तर बसवून घ्या, पण वरच्या पिढ्यांत ते राजघराण्याशी नातं जोडायला लागले की लेखणी खाली ठेवा.

दगड, जिथे आहेत तिथे

दगड अगदीच नाहीत असंही नाही. गावाबाहेरच्या देवळापाशी वीरगळ असतो: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपिंडी आणि चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. त्यांच्यावर नाव क्वचितच असतं, आणि शेंदूर लावलेला प्रत्येक दगड आपल्याच घराण्याचा असतो असंही नाही. लिंगायत, गोसावी, नाथपंथी घरांत पुरण्याची रीत आहे, तिथे समाधीवर लेख मिळू शकतो. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, झिजलेली अक्षरं तेव्हा उठून दिसतात. पावडर, खडू, तारेचा ब्रश यांतलं काही लावू नका.

वसईच्या ख्रिस्ती घरांना चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची पुस्तकं हा मोठा आधार. गोव्यात पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळातली नोंदणी आहे, आणि हिंदू घरांसाठी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी दफनभूमी आहे. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गावांवरून पडलेली, त्यामुळे इस्रायलमधून मूळ शोधत येणाऱ्यांना आडनावच गाव सांगतं.

सैन्यातल्या माणसाचं नाव मात्र दूर कुठेतरी दगडावर असू शकतं. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १९१५-१६ साली १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अशांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात: बसरा स्मारक, खडकीचं १९१४-१८चं स्मारक, दुसऱ्या महायुद्धासाठी इटलीतलं कॅसिनो. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि तालुकाही असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलंय. पवार घालून नाही मिळालं तर पोवार घाला, जाधव नाही मिळाला तर जाधो, आणि तरी नाही मिळालं तर पलटण आणि गाव घालून शोधा.

मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आगमनाच्या नोंदी आहेत. रत्नागिरीकडची पुष्कळ घरं एखादा ‘परत न आलेला’ भाऊ सांगतात. तो तिथे सापडण्याची शक्यता आहे.

लिहून ठेवताना

प्रत्येक फोटोच्या नावात गाव, नमुना, नंबर आणि साल घाला, नाहीतर सहा महिन्यांनी ‘आयएमजी ४४७२’ बघत बसाल. तर्काने जोडलेलं नातं पेन्सिलने. आणि हक्काच्या भांडणात अडकलेल्या चुलत्यांना आधीच सांगा की हे काम वाटणीसाठी नाही. जुने सातबारे काढतोय म्हटलं की गावात पहिली शंका तीच येते.

मी नाशकाला गेलो तेव्हा उपाध्यांनी पणजोबांची सही दाखवली, शके १८४१ची. सन काढलं तर १९१९ किंवा १९२०. मानमोडीनंतर बायकोच्या अस्थी घेऊन आले होते. खाली आमच्या घराची पुढची जागा रिकामी होती. "लिहा," म्हणाले, "तुमचं, भावांचं, पोरांचं." मी लिहीत गेलो. पुतण्याच्या नावापाशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, हे ओहायो कोणत्या तालुक्यात येतं?